चौथ्या गल्लीतलं देवत्वारोपण

आक्कांना कुणी विचारलं, "तुम्ही काय काम करता हो?" तर त्या सरळ सांगत, "मी खरं-खोटं बघते." विचारणारा मनात म्हणे, बाई पोलिसात दिसतात. पण आक्का होत्या शब्दकोश कचेरीत.

त्या कोशाची गोष्टच न्यारी होती. बाकीचे कोश उदाहरण म्हणून काहीही ठोकून देतात. 'मुलगा झाडावर चढला.' कुठला मुलगा, कसलं झाड, पाहिलं कुणी? इथे तसलं चालत नसे. कोशाच्या पहिल्याच पानावर ठसठशीत छापलेलं असे : या कोशातले प्रत्येक वाक्य खरे आहे. आणि ते खरं आहे हे पाहायचं काम सत्तावीस वर्षं आक्कांकडे होतं. पिशवी, छत्री आणि लाल पेन्सिल घ्यायची, कार्डावरचं वाक्य वाचायचं, चालत जायचं, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच कार्डाच्या कोपऱ्यात सही करायची.

'घोरणे' या शब्दासाठी त्या तीन दुपारी संपादकसाहेबांच्या खिडकीखाली बसल्या होत्या. 'संपादक जेवणानंतर घोरतात' हे वाक्य पुढे छापून आलं, आणि खरं असल्यामुळे साहेबांना ते मुकाट्यानं पास करावं लागलं. 'चपळ'ला उदाहरण होतं, 'कचेरीतले मांजर चपळ नाही.' 'गप्प' या शब्दाला सबंध शहरात माणूस मिळेना, म्हणून 'ग'चा खंड सव्वा वर्ष अडून राहिला. पण लोकांचा कोशावर विश्वास असा, की नवरा-बायकोचं भांडण झालं तरी शेवटी कुणीतरी म्हणे, "काढा कोश!" आणि कोश काढला की भांडण मिटे.

नियम एकच आणि कडक. ज्याच्या सहीचं वाक्य खोटं निघेल, त्यानं आपली पेन्सिल साहेबांच्या टेबलावर ठेवावी आणि घरी जावं. सत्तावीस वर्षांत ती वेळ आक्कांवर आली नव्हती.

ती आली एका सोमवारी, डबा खाताना.

छापखान्यातून 'द' खंडाचे छापलेले, अजून न शिवलेले फर्मे आले होते. पुढच्या सोमवारी बांधणी. आक्का एका हातात पोळीचा घास आणि दुसऱ्या हातात फर्मा धरून सहज नजर टाकत होत्या. दोनशे दहाव्या पानावर घास हातातच राहिला.

'देवत्वारोपण : माणसाला देवाच्या पदाला चढवणे. उदा. चौथ्या गल्लीतल्या नळवाल्यावर लोकांनी देवत्वारोपण केले.'

आक्कांनी धावत जाऊन कपाटातून मूळ कार्ड काढलं. कोपऱ्यात लाल सही. त्यांचीच. तारीख पाहिली आणि त्यांना सगळं आठवलं. त्या दिवशी सकाळी लेकीचा फोन आला होता, "आई, नात झाली!" आणि टेबलावर होती तीनशे कार्डं. पोस्टात शिक्के मारतात तशा आक्कांनी धडाधड तीनशे सह्या ठोकल्या होत्या आणि छत्रीसुद्धा न घेता पळाल्या होत्या.

त्या तडक पलीकडच्या खोलीत गेल्या. तिथे शब्दांची मुळं खणणारे गृहस्थ बसत. त्यांना सगळे मूळबुवा म्हणत. कार्ड त्यांच्याच अक्षरात होतं.

"मूळबुवा, हे वाक्य तुम्ही कुठून आणलंत?"

मूळबुवांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हां हां, नळवाले मामा! अहो, आठ दिवस आमच्या घरी पाणी नव्हतं. मी माझ्याच वासानं झोपेतून जागा होत होतो. मामा आले, पंधरा मिनिटांत पाणी सुरू. मी अंघोळीला बसलो आणि मला साक्षात दर्शन झालं. बाहेर येऊन ओल्या हातानंच कार्ड लिहिलं."

"पण 'लोकांनी' केलं म्हणून लिहिलंय. लोक म्हणजे कोण?"

"मी."

"एकटे?"

"बायकोपण खूश होती."

आक्कांनी कपाळाला हात लावला. "बुवा, बांधणीआधी साहेब एक वाक्य स्वतः तपासायला जातात. खंडातलं सगळ्यात संशयास्पद वाक्य निवडतात. हे सोडून दुसरं निवडतील का?"

मूळबुवांनी जरा विचार केला. "शुद्धिपत्र जोडलं तर?"

"तोंड सांभाळा! शुद्धिपत्र म्हणजे माझं वाक्य खोटं निघालं असं जाहीर करणं. म्हणजे पेन्सिल गेली." आक्कांचा आवाज खाली आला. "बुवा, घरी बसून मी काय बघू हो? भिंत भिंतच आहे का, ते?"

मूळबुवांना वाईट वाटलं. त्यांना वाईट वाटलं की ते मुळं सांगत. "असं बघा, संस्कृतात 'रुह्' म्हणजे वाढणं, वर चढणं. त्याचंच आरोपण, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी वर चढवणं, रोवणं. आपलं साधं रोप आहे ना, तेही त्याच घरातलं. रोप काय स्वतःहून वाफ्यात जाऊन उभं राहतं? कुणीतरी लावतं, कुणीतरी पाणी घालतं. तसंच हे. देव आपला आपण होत नाही, आक्का. त्याला करणारे लागतात. आजपर्यंत कुणी केलं नसेल, पण अजून आठ दिवस आहेत."

आक्का चौथ्या गल्लीत पोचल्या तेव्हा मामा एका घराच्या मोरीखाली कमरेपर्यंत शिरले होते. बाहेर नुसते दोन पाय दिसत होते, आणि एका मोज्याला भोक होतं. इथून सुरुवात करायची आहे म्हणताना आक्कांचा धीर खचला. त्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशींकडे गेल्या.

"मावशी, नळवाले मामा माणूस कसा आहे हो?"

"देवमाणूस!" मावशी इस्त्री दाबत म्हणाल्या.

"ते कार्ड वेगळं, मावशी. ते दोनशे बाराव्या पानावर आहे. मला पूर्ण देव पाहिजे."

"पूर्ण? छे हो! सांगितलेल्या वेळी कधी येत नाहीत. काल तर मी तोंडावर विचारलं, कुठे उलथला होतात म्हणून."

आक्कांनी सुस्कारा टाकला आणि पिशवीतून फर्मा काढून मावशींपुढे धरला. त्यांना सांगायचं एवढंच होतं, की हे असं छापून बसलंय, आता काय करू? पण त्यांनी तोंड उघडायच्या आत मावशींनी वाचलं. पुन्हा वाचलं. इस्त्री शर्टावर तशीच राहिली आणि धूर निघायला लागला.

"अगं बाई! आपण त्यांना देव केलं? कधी?"

"नाही, म्हणजे मावशी..."

"कोशात छापलंय म्हणजे केलंच असणार! मी बहिणीकडे गेले होते ना चार दिवस, तेव्हाच केलं असेल. बघा, मला कुणी कळवलंसुद्धा नाही. आणि मी देवाला उलथला म्हणाले!"

आक्का "अहो, अहो" म्हणेपर्यंत मावशी जळका शर्ट हातात घेऊन पाववाल्याच्या दुकानात पोचल्या होत्या. पाववाल्यानं फर्मा वाचला आणि तो चपापला. त्याला वाटलं, केलं तेव्हा आपण भट्टीपाशी असणार. त्यानं शेजाऱ्याला विचारलं. शेजाऱ्याला आठवत नव्हतं, पण आपल्याला आठवत नाही हे कबूल करायची लाज वाटून तो म्हणाला, "म्हणजे काय, मी होतो की! चांगला झाला कार्यक्रम." मग काय, दुपारी चारपर्यंत गल्लीतल्या निम्म्या लोकांना तो कार्यक्रम बारीकसारीक तपशिलासकट आठवायला लागला, आणि उरलेल्या निम्म्यांना आपल्याला बोलावलं नाही याचा राग आला.

मामा मोरीतून उलटे सरकत बाहेर आले तेव्हा दारात सत्तर माणसं उभी होती. एकदम शांत. मामांना वाटलं, पाणी चुकीच्या घरात सोडलं की काय.

"अहो, काय झालं?"

"माफ करा," पाववाला म्हणाला, आणि त्यानं मामांच्या हातातला पाना अदबीनं काढून घेतला. "देवानं पाना धरायचा नाही."

आता एखाद्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवणं निराळं. त्याला झाड तरी असतं, फांदी धरता येते. मामांना त्यांनी पावाचे रिकामे क्रेट एकावर एक रचून त्यावर न्हाव्याच्या दुकानातली फिरती खुर्ची ठेवून बसवलं. खुर्ची इतकी उंच झाली, की दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून हात काढून त्यांना परस्पर चहा द्यायला लागल्या. मामा मान वळवायला गेले की सबंध देव गर्रकन फिरे, आणि मागच्या बाजूचे लोक म्हणत, "इकडे पाहिलं! इकडे पाहिलं!"

मामींना बातमी कळली तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून आल्या. "हे आणि देव? ओले मोजे उशीखाली ठेवतात!"

"मामी, असं बोलू नका, छापून आलंय," मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या.

मामींनीही वाचलं. मग वर पाहिलं. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. ह्यांनी टाक्या धुण्यात जन्म घालवला, तेवढ्यात भागलं वाटतं." पण त्या दिवशी दुकानात त्यांना रांगेत सगळ्यांच्या पुढे उभं केलं, तेव्हा त्यांनी पिशवी पुढे केली.

दुसऱ्या दिवसापासून लोक गाऱ्हाणी घेऊन यायला लागले. कुणाचा नळ गळतोय, कुणाची मोरी तुंबलीय. मामा वरून सांगत, "अहो, वॉशर बदला." लोक मान डोलवत, वहीत लिहून घेत आणि जात. वॉशर कुणी बदलत नसे. निवृत्त मास्तर क्रेटपाशी बसून त्याचा अर्थ लावत. "वॉशर म्हणजे काय? तर आपल्यातला झिजलेला भाग. तो ओळखा, असं मामा सुचवताहेत."

"अहो मास्तर, वॉशर म्हणजे वॉशर! रबराचा! दुकानात मिळतो!" मामा वरून ओरडले.

"ऐकलंत?" मास्तर सद्गदित झाले. "दुकानात मिळतो. म्हणजे संसारातच मिळतो, त्यासाठी लांब जायला नको."

तीन दिवसांत गल्ली ओलीचिंब झाली. सगळे नळ गळत होते, आणि लोक आनंदात होते.

आनंदात नव्हते ते फक्त मामा. गुरुवारी आक्का गेल्या, तेव्हा मामांनी खुणेनं त्यांना क्रेटवर चढून यायला सांगितलं. आक्का धापा टाकत वर पोचल्या.

"आक्का, मला उतरवा हो. ते ऐका. टप, टप, टप. नऊ नळ आहेत. दोन इस्त्रीवालीकडचे, एक मास्तरांचा. मला आवाजावरून कळतं. कान फुटायची वेळ आली, आणि हातात पाना नाही."

आक्कांनी मग काहीच लपवलं नाही. नात, तीनशे सह्या, साहेब, पेन्सिल, सगळं सांगून टाकलं. "सोमवारी साहेब बघून गेले की सुटलात. पण तुमच्यावर जबरदस्ती नाही, मामा. उतरायचं तर आत्ता उतरा."

मामांनी दोन्ही कान एकदा घट्ट दाबून सोडले. मग म्हणाले, "नातीचं नाव काय ठेवलं?"

"अजून ठेवायचंय."

"बरं. सोमवारपर्यंत बसतो. तुमच्या पेन्सिलीखातर. तुम्ही हो म्हणेपर्यंत खाली पाय टेकणार नाही. पण मामींना सांगा, कानात घालायला कापूस पाठवा."

सोमवार उजाडला. साहेबांनी अपेक्षेप्रमाणे दोनशे दहावं पान उघडलं, चष्म्यातून आक्कांकडे पाहिलं आणि म्हणाले, "चला, देव दाखवा." मूळबुवाही निघाले. वाटेत ते तीनदा म्हणाले, "रुह्, म्हणजे वाढणं." साहेब तीनदा "हं" म्हणाले.

चौथ्या गल्लीच्या तोंडाशीच साहेबांच्या बुटात पाणी शिरलं. पुढे पाहतात तो क्रेटचा मनोरा, वर खुर्ची, खुर्चीत कापूस घातलेले मामा, खाली फुलं, भोवती तीनेकशे माणसं. साहेबांनी टाचा उंचावल्या. "आक्का, हे तर खरोखरच..." ते म्हणाले, आणि फर्म्यावर सही करायला खिशातून पेन काढलं.

नेमकं त्याच वेळी गल्लीचा मोठा पाइप फुटला.

तो फुटला तो असा, की पाण्याचा खांब दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या कपात पडला. इस्त्रीवाल्या मावशींची धुतलेली कापडं पुन्हा धुऊन निघाली. पाणी घोट्याला लागलं, मग पिंढरीला. तीनशे माणसं हलली नाहीत. सगळ्यांनी वर पाहिलं आणि वाट पाहत राहिली. मास्तर म्हणाले, "आता काहीतरी सुचवतील."

मामा खुर्चीतून अर्धे उठले होते. कानातला कापूस कधीच पडला होता. त्यांनी गर्दीवरून आक्कांकडे पाहिलं.

"आक्का! उतरू का?"

आक्कांनी साहेबांच्या पेनाकडे पाहिलं. ते कागदापासून बोटभर वर होतं. आणखी अर्धा मिनिट. देव अर्धा मिनिट देव राहिला असता, तर सत्तावीस वर्षं सुखरूप होती. पाणी पाववाल्याच्या उंबऱ्यावरून आत चाललं होतं. वरच्या आजी "अगं बाई, अगं बाई" करत होत्या.

"अहो, विचारताय काय!" आक्का ओरडल्या. "उतरा!"

मामांनी उडी मारली. मनोरा कोसळला, खुर्ची भोवऱ्यासारखी फिरत गल्लीच्या टोकाला गेली. मामा पोटावर पडले ते तसेच चिखलातून सरपटत पाइपापाशी पोचले. "पाना! माझा पाना कुठाय?" मामींनी तो पदराखालून काढून फेकला. पाववाल्याकडून मागून घेऊन आठ दिवस त्या तो जवळ बाळगून होत्या. मामांनी हवेत झेलला. मग कुणाला काही दिसेना, नुसतं पाणी, शिव्या, एक मोजा, आणि मामांचा आवाज, "हे धरा, मास्तर! तुम्हीच! अर्थ नंतर लावा, आधी धरा!"

पंधरा मिनिटांत पाण्याचा खांब कमरेवर आला, गुडघ्यावर आला आणि गप्प झाला. मामा उभे राहिले. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, आणि तोंडभर हसू. सगळे टकमक बघत होते.

इस्त्रीवाल्या मावशींनीच आधी तोंड उघडलं. "एवढं येत होतं, तर आठ दिवस वर बसून काय करत होतात? माझे दोन नळ गळताहेत, कुठे उलथला होतात?"

"आलो, आलो, मावशी," मामा म्हणाले, आणि ते ऐकून अख्खी गल्ली खो खो हसायला लागली. मामींना तर हसता हसता क्रेटवर बसावं लागलं.

आक्का हसल्या नाहीत. त्या साहेबांपुढे गेल्या. पिशवीतून लाल पेन्सिल काढली आणि त्यांच्या ओल्या तळहातावर ठेवली. "साहेब, मी न बघता सही केली होती. हे सगळं नंतर झालं. माझ्या हातातला फर्मा बघून झालं."

साहेबांनी पेन्सिल उलटीसुलटी करून पाहिली. मग गल्लीला विचारलं, "या माणसाला तुम्ही देव केलं होतं का?"

"केलं होतं!" पाववाला म्हणाला. "पण नको रे बाबा. गैरसोय फार होते. माणूस केला की काम होतं."

"मीही या डोळ्यांनी पाहिलं," साहेब म्हणाले. "तेव्हा वाक्य खरं. नियम म्हणतो, वाक्य खोटं निघालं तर पेन्सिल ठेवावी. हे खोटं निघालेलं नाही. खरं उशिरा आलं, पण बांधणीच्या आधी आलं." त्यांनी पेन्सिल परत दिली. आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या गल्लीत ते कुणाच्या लक्षात येणार? "आता मला एक सांगा. त्या दिवशी एकूण कार्डं किती होती?"

आक्कांचा चेहरा पांढरा पडला. "तीनशे."

"म्हणजे राहिली दोनशे नव्व्याण्णव. छापखान्याला सांगा, बांधणी लांबली. तुम्ही आजपासून एकेक वाक्य बघून या. वर्ष लागलं तर लागू दे."

कचेरीत येऊन आक्कांनी पहिलं कार्ड उचललं. 'देवमासा : उदा. देवमासा समुद्रात उडी मारतो तेव्हा बोटीवरचे लोक टाळ्या वाजवतात.' अक्षर मूळबुवांचं.

"बुवा, हे कुठून आणलंत?"

"स्वप्नात पाहिलं हो," मूळबुवा म्हणाले. "पण फार स्पष्ट होतं."

समुद्र तिथून आगगाडीनं दोन दिवसांच्या वाटेवर. आक्कांनी जन्मात तो पाहिला नव्हता. बुधवारी त्या स्टेशनावर पोचल्या तेव्हा पिशवीत नेहमीची छत्री होती, दुर्बीण होती आणि चार दिवसांचा फराळ होता. फलाटावर पाहतात तो मामा आणि मामी आधीच हजर.

"तुम्ही कुठे?"

"तुमच्याबरोबर," मामी म्हणाल्या. "आठ दिवस देवाची बायको होते, कुठे जाता आलं नाही की मनासारखं भांडता आलं नाही. आता जरा माणसाबरोबर फिरून येते."

मामांच्या काखोटीला फडक्यात गुंडाळलेला पाना होता.

"अहो मामा," आक्का म्हणाल्या, "समुद्रावर पाना कशाला?"

"एवढं पाणी आहे म्हणता," मामा गाडीत चढता चढता म्हणाले, "कुठे ना कुठे गळत असणारच."